चौथ्या सॉकेटचा आकडा

वायरमननं मीटरची दोन्ही टोकं उजव्या हाताच्या चिमटीत धरून उघड्या सॉकेटच्या स्क्रूंवर टेकवली आणि डाव्या हातानं बटण दाबलं. पडद्यावर आकडा आला, शून्य पूर्णांक तीन. परवा इथंच शून्य पूर्णांक सहा आला होता. त्यानं आजचा आकडा वहीत लिहिला आणि सॉकेटच्या वर भिंतीवर खडूनं फुली मारली.

"वाईट आहे?" ताईंनी विचारलं. मेन स्विच बंद असल्यामुळे त्यांची शिलाई मशीन थंड पडली होती आणि त्या खिडकीपाशी बसून हातानं काजं करत होत्या.

"एकाच्या खाली म्हणजे वाईटच. चांगल्या वायरिंगला दोनशेच्या वर यायला हवा. भिंतीत कुठंतरी तारेवरचं प्लास्टिक गेलंय, तिथून वीज झिरपतेय."

"म्हणजे फोडायचीच भिंत?"

"फोडायचीच. आधी चारही सॉकेट मोजून खात्री करतो."

ताईंनी मान हलवली. खोली पंधरा दिवस बंद म्हणजे शाळेचे साठ गणवेश हातचे गेले, हे त्यांनी परवाच ऐकून घेतलं होतं. नव्या दोन मशीन घेण्याआधी वायरिंग तपासून घ्यावं हे शहाणपण त्यांनाच सुचलं होतं, त्यामुळे दोष तरी कुणाला देणार.

वायरमनकडे मात्र दोष द्यायला माणूस होता. या खोलीचं वायरिंग गेल्या वर्षी त्याच्या धाकट्या भावानं केलं होतं. बावीस वर्षं दोघं बरोबर कामाला जायचे. धाकट्यानं तारा ओढायच्या, थोरल्यानं मोजायच्या. तीन महिन्यांपूर्वी ओळीनं दोन घरांत असेच आकडे आले. घरमालकाच्या देखत थोरला म्हणाला, "तू हल्ली नुसत्या पाट्या टाकतोस." धाकट्यानं पक्कड पिशवीत टाकली आणि तो निघून गेला. तेव्हापासून बोलणं बंद होतं. आधी राग होता, मग राग गेला आणि त्या जागी काहीच आलं नाही. थोरला उठायचा, कामाला जायचा, आकडे लिहायचा.

दुसऱ्या सॉकेटला शून्य पूर्णांक दोन. तिसऱ्याला शून्य पूर्णांक सात. चौथं सॉकेट कापड कापायच्या मोठ्या टेबलामागे होतं. तिथं हात जेमतेम शिरत होता, टोकं धरून ठेवायला जागाच नव्हती. म्हणून त्यानं टोकांना चिमटे लावले, ते चाचपडत स्क्रूंना अडकवले आणि बाहेर येऊन बटण दाबलं.

दोनशेच्या वर.

त्यानं मीटरवर टिचकी मारली, पुन्हा बटण दाबलं. दोनशेच्या वर. हे काही खरं नव्हतं. चारही सॉकेट एकाच तारेवर होती. कुठूनही मोजलं तरी आकडा साधारण तेवढाच यायला हवा. तार इथं धडधाकट आणि चार हातांवर आजारी, असं होत नाही. त्यानं मीटरचे सेल बदलले, चिमटे काढले आणि तिसऱ्या सॉकेटला पुन्हा टोकं लावली. शून्य पूर्णांक चार. त्याचं डोकं चालेना.

"काका," ताई म्हणाल्या, "तुमचं बोट त्या लोखंडाला लागतंय. चालतं का तसं?"

"लागलं असतं तर कळलं असतं मला. पाचशे व्होल्ट सोडतं हे. माणूस मरत नाही, पण टुणकन उडतो."

"बघा तरी."

त्यानं बघितलं. अंगठा एका टोकाच्या उघड्या धातूवर होता आणि पहिलं बोट दुसऱ्याच्या. टोकांवरची रबराची कड ओलांडून दोन्ही बोटं कधी पुढं सरकली होती, त्याला पत्ता नव्हता. त्यानं बटण दाबलं. आकडा आला. बोटांना काही झालं नाही.

वर्षभर बोटं बधिर होती. शर्टाची बटणं लावायला वेळ लागायचा, स्क्रू निसटायचे. चहाचा गरम पेला तो तसाच उचलायचा आणि लोक कौतुकानं म्हणायचे, कामाचा हात आहे. त्यालाही ते बरं वाटायचं.

तो जमिनीवर बसला. मधल्या बोटावर दोन्ही टोकं ठेवून त्यानं बटण दाबलं. काही नाही. अनामिकेला अर्धवट मुंग्या आल्या. करंगळीला असा सणका बसला की मीटर हातातून पडलं. ताईंनी काजं बाजूला ठेवली.

मग त्यानं चिमटे लावून पहिलं, दुसरं, तिसरं सॉकेट मोजलं. दोनशेच्या वर, दोनशेच्या वर, दोनशेच्या वर.

"म्हणजे भिंत नाही फोडायची?" ताईंना झालेला आनंद त्यांनी लपवला नाही.

"नाही. वायरिंग चोख आहे."

त्या दोन घरांतल्या तारा त्यानं स्वतः उभं राहून उपटून घेतल्या होत्या. चांगल्या तारा. त्याला शरम वाटली, आणि बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाटलं म्हणून तो तसाच थोडा वेळ बसून राहिला. मग त्यानं फोन काढून करंगळीनं नंबर लावला.

"हं," धाकटा म्हणाला. मागे हातोडीचे ठोके ऐकू येत होते.

"गणवेशवाल्या ताईंकडे आहे. तू केलेली खोली."

"मग? लाव की माझ्या नावानं बोंब."

"दोनशेच्या वर येतोय आकडा. त्या दोन घरांतही तेवढाच असणार."

"आणि तेव्हा आला तो?"

"तेव्हा माझी बोटं टोकांना लागत होती. मीटर तारा नाही, माझी बोटंच मोजत होतं."

"काहीतरीच. चटका नाही बसला?"

"नाही."

हातोडी थांबली.

"कधीपासनं?"

"वर्ष झालं असेल."

"दादा," धाकटा म्हणाला. तीन महिन्यांत पहिल्यांदाच. "मेन बंद आहे ना?"

"बंद आहे."

"बंदच राहू दे. खुर्चीवर बस. कशालाही हात लावू नकोस. मी येतो."

वायरमननं फोन खिशात ठेवला. ताईंनी न विचारता खुर्ची पुढं केली. सॉकेटांच्या चारही प्लेटा लावायच्या राहिल्या होत्या, आठ स्क्रूंचं काम. पेचकस शेजारीच पडला होता. तो खुर्चीवर बसला आणि त्यानं ते काम धाकट्यासाठी ठेवलं.