गाणारी जिथून उचलेल तिथून

आमच्या प्रार्थनाघरात गाणारीला आधी सूर देण्याची पद्धत कधीच नव्हती. जिला गायचं ती उठायची, घसा नेईल त्या पट्टीत पहिली ओळ उचलायची आणि दुसऱ्या ओळीपर्यंत पियानोवालीने तिला गाठायचं. चाळीस वर्षं ती पियानोवाली मी होते.

हे मला सासूबाईंनी शिकवलं. घरात पियानो नव्हता, म्हणून इस्त्रीच्या टेबलावर पुठ्ठा ठेवून त्यावर त्यांनी पट्ट्या आखल्या होत्या. गाणं एकच, पण दर महिन्याला नवी पट्टी. पांढरी एकमध्ये बोटं जरा सरावली की त्या म्हणायच्या, "झालं माहेरपण. आता काळी एक." त्या त्या पट्टीतल्या दुसऱ्या सुराचा मेळ, मग पाचव्याचा, मग पहिल्याचा: दोनवरून पाच, पाचवरून एक, चाल तीच, पण हाताची ठेवण दर वेळी वेगळी. एकदा मी दोन्ही हातांनी भरभरून सूर दाबले, तर त्यांनी उलथन्याने माझं मधलं बोट उचललं. "गाणारीचा आवाज जिथे आहे तिथे तुझं बोट नको. डाव्या हाताला दोन सूर पुरे. मधे तिला उभं राहायला जागा ठेव." बारा पट्ट्यांना मला सव्वा वर्ष लागलं. त्यात थोरलाही झाला.

आणि यंदा एक संगीत संचालक आले. वय तीस. त्यांनी पियानो भिंतीला लावला, विजेचा कीबोर्ड आणला आणि दारावर कागद चिकटवला: सर्व गाणी पांढरी एकमध्ये, गाणाऱ्यांनी आधी सूर घ्यावा. मला म्हणाले, "आजी, आता तुम्ही आराम करा."

आराम! मी काय आजारी होते?

आजारी होती ती माझी थोरली जाऊ. गळ्याचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज खाली उतरला तो उतरलाच. आठ महिने ती घरातही गुणगुणली नव्हती. त्या रविवारी ती पहिल्यांदा उभी राहणार होती. आदल्या दिवशी मला म्हणाली, "उद्या जमलं तर जमलं. नाही जमलं तर पुन्हा उठायची नाही मी. लोकांनी कीव केलेली मला चालत नाही." ती बोलल्याप्रमाणे वागते, हे मला पन्नास वर्षं माहीत आहे.

मी संचालकांना जाऊन सांगितलं, "ती पांढरी सातला गाते हल्ली, खालच्या. तयारीत राहा."

"काळजी नको, आजी. बटण आहे. दाबलं की पट्टी बदलते."

रविवारी ती उठली, सूर घ्यायला थांबलीच नाही. आवाज खरखरीत होता, पण जागेवर होता. संचालकांनी पांढरी एकमध्ये साथ सुरू केली. चुकतंय हे कळल्यावर त्यांनी बटण दाबलं. खाली यायचं, तर वर गेले! पुन्हा दाबलं, आणखी वर. जाऊ बिचारी त्या गोंगाटात सूर शोधत राहिली. मग त्यांनी हात वर करून सगळ्यांसमोर म्हटलं, "थांबा, थांबा. तुम्ही सुरात नाही आहात. पुन्हा घेऊ."

सुरात नाही! स्वतः दोन घरं वर जाऊन बसलेला माणूस हे म्हणत होता. जाऊ पदर सावरून बाकावर जाऊन बसली.

मी उठले. गुडघे कुरकुरले, त्यांना कुरकुरू दिलं. कीबोर्डाजवळ जाऊन म्हटलं, "उठा."

"आजी, उपासना चालू आहे..."

"म्हणूनच म्हणते, उठा. आणि आधी ते बटण शून्यावर आणा."

ते उठले. मी पांढरी सातमध्ये हात ठेवला. दोन, मग पाच, आणि एकवर उतरायचं नाही. पुन्हा दोन, पुन्हा पाच. एकवर उतरलं की गाणं संपल्यासारखं वाटतं. मला ते उघडं ठेवायचं होतं. पाच फेऱ्या झाल्या, दहा झाल्या. जाऊ खाली मान घालून बसलेली. संचालक कुजबुजले, "आजी, वेळ होतोय."

"होऊ दे."

कितव्या फेरीला कोण जाणे, बाकावर बसल्याबसल्याच तिने ओळ उचलली. तीही पांढरी सातमध्ये नाही, काळी पाचमध्ये, आणखी खाली! खोडी होती की घसाच तिथे गेला, मी आजवर विचारलेलं नाही. पांढरी सातला पाचही काळ्या पट्ट्या हाताखाली असतात, काळी पाचला दोनच. सगळी ठेवण मोडून नवी बसवायची. पहिल्या ओळीला मी हात उचलून घेतले आणि नुसतं ऐकलं. दुसऱ्या ओळीच्या तिसऱ्या शब्दाला तिच्यापाशी पोचले. तिसऱ्या ओळीला ती उभी राहिली, आणि गाणं तिने शेवटपर्यंत नेलं.

उपासना सुटल्यावर संचालक आमच्याजवळ आले, जाऊला म्हणाले, "छानच झालं, आजी. फक्त पुढच्या वेळी आधी सूर घेत जा."

मी तोंड उघडणार तोच जाऊ म्हणाली, "पुढच्या रविवारी मी गाणारच आहे. सूर तुम्ही माझ्याकडून घ्या."

मी कीबोर्डाच्या खुर्चीवरून अजून उठले नव्हते, आणि उठायचा विचारही नव्हता.