दोन गोळ्यांचा तक्ता

"डॉक्टर, नवी गोळी एवढी चांगली आहे, तर आमच्या आबांना तुम्ही अजून जुनीच का देता?"

स्पृहाने एका दमात विचारून टाकलं. यवतमाळच्या डॉक्टरांसमोर तुझी बोबडी वळेल, अशी दहावीतल्या मैत्रिणींनी पैज लावली होती. वळली नाही. उलट तिने वहीच टेबलावर सरकवली. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या, मधे रेघ. जुनीला दर महिन्याला रक्ततपासणी, पालक-मेथी बेताने. नवीला यातलं काहीच नाही. आबांचे दोस्त मुख्तारचाचा नवीच घेत. गेल्या महिन्यात दोघांना तिने हा तक्ता ओट्यावर वाचून दाखवला होता.

डॉक्टरांनी तो नीट वाचला.

"चूक नाही यात. पण आबांच्या हृदयात धातूची झडप आहे. तिच्यावर गुठळी धरू नये म्हणून जुनीच लागते. नवी तिथे पुरी पडत नाही."

मग त्यांनी रक्ताचा रिपोर्ट उघडला. रक्त हवं तेवढं पातळ नव्हतं. गोळ्या चुकल्या का, असं त्यांनी विचारलं. आबा जमिनीकडे पाहत म्हणाले, विसरलो असन.

लगेच केलेल्या हृदयाच्या तपासणीत, गुठळी धरल्याने झडपेची एक पाकळी हलत नव्हती. डॉक्टरांनी दिग्रसला बाबांना फोन लावला. आजच नागपूरला न्या, छाती पुन्हा उघडावी लागेल. पंचाहत्तरीत ती शस्त्रक्रिया सोसेल असं मी म्हणणार नाही, आणि न उघडून भागणारही नाही. कोणतं औषध किती दिवस घेतलं, ते तिथे नेमकं सांगा. समोर बसलेल्या स्पृहाने शब्द न् शब्द ऐकला.

बाबा-आई गाडी करून यवतमाळला येईपर्यंत आबा आणि ती बाहेर बाकावर बसली. आबांना धाप लागली होती. तुम्ही तर कधीच विसरत नाही, असं ती म्हणाली. आबांनी खिशातून गोळ्यांचं अर्धं संपलेलं पाकीट काढलं. त्यावर नव्या गोळीचं नाव होतं, तिने स्वतः वहीत लिहिलेलं.

"वीस दिस झाले जुनी सोडून. मुख्तारले म्याच मांगतली. दर महिन्याले माह्यासाठी तुही शाळा बुडते."

"मले काहून नाही सांगितलं?"

"रिपोर्ट चांगला आला का मंग सांगनार होतो." ते थांबले, श्वास घेतला. "आता कोनाले सांगू नोको, पोरी. मुख्तार खचून जाईन. अन् तू..."

त्यांनी पाकीट तिच्या मुठीत दिलं.

आई-बाबा आले तेव्हा आबांचे ओठ काळसर दिसत होते. आई त्यांच्या अंगावर शाल घालू लागली. बाबांना राहवलं नाही. बारा वर्षं एक दिवस चुकला नाही आणि आताच कसं विसरता, म्हणाले. आबांनी मान खाली घातली. वय झालं बापा, एवढंच बोलले.

बाबा स्पृहाकडे वळले. उद्या सराव परीक्षेचा पेपर आहे, तू बसने घरी जा, दिग्रसच्या स्टँडवर तुझी जयाकाकू घ्यायला येईल.

स्पृहाने ते पाकीट बाबांच्या हातावर ठेवलं. आबांनी डोळे मिटून घेतले.

"आबा विसरले नाही, बाबा. वीस दिवस हे घेत होते. माह्या तक्त्यावरून. मी पेपरले बसत नाही. मी तुमच्यासंग नागपूरले येऊन राह्यली. तिथल्या डॉक्टरले हे मीच सांगीन."