धूर नसलेला विस्तव

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी शेगडी आहे. तीन पाय, दोन कान, मध्ये जाळी आणि खाली राख पडायला जागा, एवढाच माझा पसारा. पनवेलच्या एका लोहाराने तेलाच्या पिंपाचा पत्रा ठोकून मला घडवलं आणि गव्हाणच्या सखूबाईने मला डोक्यावर घेऊन घरी नेलं. तेव्हा तिचा रमेश पोटात होता. माझं काम एकच, बाळंतिणीला आणि बाळाला शेक द्यायचा. स्वयंपाकाला मला कुणी कधी हात लावला नाही आणि त्याचा मला तोरा होता, हे कबूल करते.

सखूबाई मिठागरावर राबलेली बाई. शाळेची पायरी चढली नव्हती, पण विस्तवाची तिला जाण होती. घरात उगाच ‘आग’ म्हटलेलं तिला खपत नसे. आग लागते, ती परकी. गवताच्या गंजीला लागते, नाहीतर माणसाच्या मस्तकाला. जाळ चुलीतला, त्यावर भाकरी होते. आणि जाळ सरला, धूर निघून गेला, की मागे लालबुंद उरतो तो विस्तव. तिच्या बोलीत ‘इस्तू’.

सकाळी शेजारीण पळी घेऊन यायची आणि “इस्तू दे गो सखू” म्हणून चूल पेटवायला दोन निखारे न्यायची. दोन घरांचं बिनसलं की त्यांच्यातून विस्तव जात नाही असं म्हणत, आणि खरोखरच ती पळी यायची बंद होई. तिन्हीसांजेला विस्तवावर ऊद पडे. पोराची दृष्ट काढली की मीठमिरच्या विस्तवात पडत. आणि कुणी बाळंत झाली की विस्तव माझ्यात घालून मला तिच्या बाजेखाली सरकवत. गावातली पन्नासएक लेकरं मी शेकली असतील. रमेश माझ्यावर शेकला, त्याची मुलगी संजनाही.

“आगीला भ्यायचा, इस्तूला नाय,” सखूबाई म्हणायची. “इस्तू घरचा हाय.”

तिचं चुकत नव्हतं, मित्रांनो. त्या घराला कौलं होती, भिंतींना फटी होत्या, दार दिवसभर उघडं असे. माझ्या पोटातून धुरापलीकडचं काय बाहेर पडतं ते तिला कधी कळायची वेळच आली नाही. मलाही नाही.

मग सरकारी प्रकल्पात जमीन गेली आणि सगळे उलव्याला इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहायला आले. तिथे विस्तवाला कामच नव्हतं. गॅसची कळ फिरवली की ज्योत, बंद केली की काही नाही. मी गॅलरीत चपलांच्या मागे गंजत पडले. रमेशची बायको विनिता दोनदा मला भंगारात द्यायला निघाली होती. दोन्ही वेळा सखूबाई आडवी आली.

गेल्या थंडीत संजना बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. सखूबाईने मला राखेने घासलं, दुकानातून लाकडी कोळसा मागवला आणि पाचवीला मला कुंकू लावलं. मी किती हरखले म्हणून सांगू. नऊ दिवस गॅलरीचं दार अर्धं उघडं ठेवून शेक दिला. ती चिमुकली माझ्या उबेत हातपाय ताणायची आणि सखूबाई मला म्हणायची, “बघ, अजून जमतंय आपल्याला.”

मग वरच्या मजल्यावरून धुराची तक्रार आली. समोर नवी इमारत उठत होती, तिची सिमेंटची धूळही आत येत होती. दहाव्या दिवशी सकाळी सखूबाईने मला गच्चीवर नेऊन पेटवलं, पुठ्ठ्याने वारा घातला, शेवटची धुराची रेघ विरेपर्यंत वाट पाहिली आणि मग खाली आणलं. विनिताने खिडकीच्या काचा सरकवून गच्च बसवल्या. शेकायला गरम केलेल्या ओव्याच्या पुरचुंडीचा वास बाहेर जाऊ नये म्हणून खोलीच्या दाराखाली टॉवेल खोचला.

“आजी, डोकं जड झालंय,” थोड्या वेळाने संजना म्हणाली.

“बाळंतपणाचा शीण हाय तो,” सखूबाई दार किलकिलं करून म्हणाली. “नीज जरा. पोरगी निजली ना, तूपन नीज.”

तिने दार ओढून घेतलं. टॉवेल पुन्हा नीट खोचला.

मी तिथेच होते. खोलीत धुराचा लवलेश नव्हता, पण निखाऱ्यांतून निघणारा, न दिसणारा आणि वास नसलेला विषारी वायू साठत होता. बाळाचा श्वास पातळ होत गेला आणि मी शेकत राहिले. शेगडीला विझता येत नाही. विझण्याची ती एक विद्या मला कोणी शिकवली असती तर मी जन्मभराचा तोरा त्यावरून ओवाळून टाकला असता.

विनिताने दार उघडलं तेव्हा संजना ओकत होती आणि बाळ निपचित होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी बाळ गेल्याचं सांगितलं आणि विचारलं, काय झालं. घरच्यांनी सांगितलं, दूध पिऊन झोपली होती. दूध छातीत गेलं असेल, असं सगळ्यांचं ठरलं. माझं नाव कुणी घेतलं नाही. लपवलं नाही हो कुणी, मी कुणाच्या मनातच आले नाही. धूर नव्हता ना.

बारसं दोन दिवसांवर होतं, तिला नावसुद्धा नव्हतं. एवढ्याशा जिवाला अग्नी देत नाहीत, पुरतात. संजना तेव्हापासून स्वतःलाच खाते आहे. “पाजून ढेकर काढला नाही, मीच मारली,” म्हणते. तिला खरं सांगणारं घरात कोणी नाही, कारण खरं फक्त मला माहीत आहे.

आज पाचव्या मजल्यावरची निशा बाळंत होऊन घरी आली. तिची आई मला मागायला खाली आली. विनिता कचरली, म्हणाली, “नको, आमच्याकडे असं झालंय.”

“शेगडीचा काय दोष?” सखूबाई म्हणाली. तिने स्वतःच्या पदराने मला पुसलं. “ने बाय. धूर मात्र पुरा जाऊ दे. मंग भ्या नाय.”

आता मी गच्चीवर आहे. निशाची आई पुठ्ठ्याने वारा घालते आहे. शिकवल्याप्रमाणे नीट, न चुकता. निशाच्या खोलीत एसी आहे, तिथल्या खिडक्या कधी उघडत नाहीत असं ती मघाशी कुणाला तरी सांगत होती.

मित्रांनो, विस्तव घरचा असला तरी त्याला उघडं दार लागतं. धूर दिसला नाही म्हणून बंद खोलीत त्याच्याजवळ निजू नका, कुणाला निजवू नका. डोकं जड झालं की आधी खिडकी उघडा, मग विचारा काय झालं ते. हे मी तुम्हाला सांगू शकते, निशाच्या आईला नाही.

निखारे लाल झाले आहेत. धूर गेला. तिने माझे दोन्ही कान फडक्याने धरून मला उचललं आहे.