एकतीस पैकी एकतीस

“दादा, तुमच्या एकतीस कुठवर आल्या?” मोहिनीनं लॅपटॉपवरून मान न उचलता विचारलं.

“सोळा झाल्या. घाई काय हाय? रिलीज चारला ना?”

“चारलाच. पण तुमचा शेरा पडला की मला जरा हायसं वाटतं.”

हायसं वाटतं म्हणे. माझ्या दुकानात, माझ्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून, माझाच चहा पीत हे चाललं होतं. पारगावात सकाळपासून लाईट नाही म्हणून ती स्कूटीवरून थेट घोडेगावला आली होती. दुकान झेरॉक्सचं आहे. ऑनलाइन फॉर्म, सातबारा, पासपोर्ट फोटो, सगळं करतो. पोट त्यावर चालतं. बाकीचा जीव ‘ओटा’वर.

ओटा म्हणजे वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर. फुकट. कुणीही घ्यावं, आतलं उघडून बघावं, बदलावं. मालक कुणीच नाही. दहा-बारा देशांतली दोनेकशे माणसं आपापल्या घरी बसून ते वाढवतात. त्यातला मी एक, बारा वर्षांपासून. बारावी नापास, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाचा, भात-नाचणीवर वाढलेला. संगणक मला कुणी शिकवला नाही. दुकानातला बिघडायचा, तो दुरुस्त करता करता शिकलो.

माझं काम चुका शोधायचं. नवी आवृत्ती निघायच्या आधी तिची चाचणीची प्रत येते. तालुक्यातल्या लोकांना मी बनवून दिलेल्या एकतीस साइटच्या नकला माझ्याकडे आहेत. बचतगट, रोपवाटिका, यात्रा कमिट्या, घोंगडीवाले. प्रत्येकीवर नवी आवृत्ती चढवायची, एकेक पान उघडून बघायचं. सगळं जागेवर असेल तर तपासणीच्या पानावर लिहायचं, ‘एकतीस पैकी एकतीस ठीक.’ जगात कुठंही बसलेला माणूस तेवढ्यावर विश्वास ठेवायचा. आजवर माझा शेरा कुणी पडताळून पाहिला नाही.

आणि चूक सापडली की मी मोठ्यानं ओरडतो, “गावली!” फॉर्म भरायला आलेल्या बाया दचकतात.

सहा वर्षांपूर्वी मोहिनी कॉलेजच्या प्रोजेक्टची प्रिंट काढायला आली, तेव्हाही मी असाच ओरडलो होतो. “काय गावलं दादा, साप?” म्हणाली. मी दाखवलं. तिला तक्रार कशी लिहायची ते शिकवलं. तिची पहिली तक्रार मी शेजारी बसून लिहून घेतली. तिचा बाप अजून दिवाळीनंतर मेंढरं घेऊन वाड्याबरोबर, म्हणजे मेंढपाळांच्या तांड्याबरोबर, हिंडतो. पोरगी हुशार निघाली. वर्षभरात ती चुका शोधायची सोडून दुरुस्त करायला लागली.

इथंच सगळं आहे. चूक शोधणाऱ्याला कुत्रं विचारत नाही. दुरुस्त करणाऱ्याचं नाव होतं. विहिरीला पाणी कुठं लागेल ते सांगणारा पायी घरी जातो आणि खोदणाऱ्याला फेटा बांधतात, तसलं.

यंदा ‘ओटा ६’ची रिलीज-प्रमुख, म्हणजे नवी आवृत्ती बाहेर काढणारी, म्हणून तिची निवड झाली. मिटिंग इंग्रजीत. मी कॅमेरा बंद, माईक बंद करून बसलो होतो. माझं नाव कुणी सुचवलं नाही. मागाहून कळलं, स्वतःचं स्वतः सुचवायचं असतं. आमच्यात स्वतःचं नाव स्वतः घेणाऱ्याला आगाऊ म्हणतात. तिचं नाव आल्यावर मी हात वर केल्याचं बटण दाबलं. सगळ्यात आधी मीच दाबलं. दाबताना बोट जड झालं होतं, हे मात्र कुणाला दिसलं नाही.

फुकट काम करणारी माणसं संतासारखी असतात असं लोकांना वाटतं. पगार नाही म्हणजे हेवाही नाही. सपशेल खोटं. जिथं पगार नसतो तिथं नावाशिवाय दुसरं काही मिळत नाही, आणि ते एक कुणी नेलं की माणूस लाकडासारखा जळतो. मी तीन महिने जळत होतो.

अकरा वाजता मी सतरावी साइट उघडली. लंकाबाईच्या बचतगटाची. हातसडीचा तांदूळ, नाचणीचे पापड, आणि एक पान गावच्या यात्रेचं. यात्रा महिन्यावर आली होती.

पान नव्हतं.

मी आत जाऊन पाहिलं. तारखेचा खण रिकामा. तिथं ‘चैत्र वद्य अष्टमी’ होतं. ते मीच लिहायला लावलं होतं. यात्रा काही तारखेला नसते, तिथीला असते. ओट्याच्या जुन्या आवृत्तीत तारखेच्या खणात काहीही लिहिलं तरी चालायचं. म्हणून मी सगळ्यांना सांगत आलो, तिथीच टाका, दरसाल बदलायची कटकट नको. माझं बघून नेपाळातल्यांनी, बंगालातल्यांनीही तेच सुरू केलं होतं. नव्या आवृत्तीत तो खण कडक केलेला. तारखेसारखं न दिसणारं पुसून टाकायचं आणि पान झाकून ठेवायचं. लपवलेलं पान परत काढता येतं. पुसलेलं कुठून आणणार?

चौथी साइट परत उघडली. गेणभाऊंची, घोंगड्यांची. तिथलं खंडोबाच्या यात्रेचं पानही गेलेलं. सकाळी नुसतं पहिलं पान बघून मी पुढं सरकलो होतो. नववी, बारावी, तीच गत.

‘गावली’ घशापर्यंत आलं होतं. मी मोहिनीकडे बघितलं. ती ओठ चावत काहीतरी टाइप करत होती. कपाळावर घाम. मला वाटलं, जाऊ दे की. चारला निघू दे. हजारो तिथी पुसल्या जाऊ देत. उद्या सगळे तिला धरतील. रिलीज-प्रमुख कोण होतं? मोहिनी. मग त्यांना कळेल, जुनं माणूस का लागतं.

मी उरलेल्या साइट उघडल्याही नाहीत. तपासणीच्या पानावर लिहिलं, ‘एकतीस पैकी एकतीस ठीक. जानकू.’ आणि बटण दाबलं. या वेळेला बोट जड झालं नाही.

“टाकला शेरा,” मी म्हणालो.

मोहिनीनं मान वर केली. तिनं ते पान उघडलं, वाचलं. जरा जास्तच वेळ वाचलं. “यात्रावाल्या साइटी पण बघितल्या?”

“एकतीस म्हंजी एकतीस. त्यात यात्रावाल्या आल्या ना?”

“आल्या,” ती म्हणाली.

तेवढ्यात गेणभाऊ आले. पागोटं, काखेत पिशवी, हातात पेपर. दारातूनच सुरू झाले, “कुठं हाय आमची पोरगी? पारगावात गेलो तर तुझी आय म्हनली, घोडेगावला गेलीया. ओझरलाबी जाऊन आलो. विघ्नहराम्होरं नारळ फोडला. आज तुझं मोठं काम हाय ना? घे, खोबरं खा.”

“गेणआबा, सॉफ्टवेअरला नारळ?” मोहिनी हसली, पण अर्धवट.

“ट्रॅक्टरला फोडतो, बोअरला फोडतो. ह्याला का न्हाई?” त्यांनी पेपर माझ्यापुढं आपटला. मोहिनीचा फोटो. वर मथळा, ‘मेंढपाळाच्या लेकीची जगभर भरारी.’ “वाच जानकू, मोठ्यानं वाच. माजा चष्मा घरी राहिला.”

मला वाचावं लागलं. सगळं वाचलं. त्यात ओटा होतं, कॉलेज होतं, तिचा बाप होता, मेंढरंही होती. मी नव्हतो.

“लई झ्याक,” गेणभाऊ म्हणाले. “माजी घोंगड्याची साइट ह्यानंच करून दिली व्हती बरं का पोरी. आता तू ह्याच्या म्होरं गेलीस. आसंच पायजे. मेंढी म्हातारी झाली की कोकरू म्होरं चालतं.” आणि माझ्याही हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. “तू बी खा. त्वांड का पाडलंस?”

मी खोबरं चावत राहिलो. त्यांच्या यात्रेची तिथी मी चार वाजता पुसू देणार होतो आणि ते मला प्रसाद देत होते.

ते गेल्यावर मी गिऱ्हाइकांचे फॉर्म भरत राहिलो. तीन वाजून गेले. मोहिनीनं खुर्ची माझ्याकडे वळवली.

“दादा, एकदा परत बघा. मी थांबते.”

“काय बघू?”

“सतरावी बघा.”

तोंडातून निघालं ते भलतंच. “बारा वर्षं बघतोय मी. तू लिहाय-वाचाय लागलीस माझ्याकडं बघून. आता तू मला शिकवनार? पेपरात फोटो आला म्हंजी अक्कल येत न्हाई.”

तिनं लॅपटॉप माझ्याकडे फिरवला.

पडद्यावर दुरुस्ती तयार होती. तिथी असेल तर ती तशीच ठेवावी, पान झाकू नये. सगळं लिहून झालेलं. वेळ सकाळी आठची. ‘चूक शोधणारा’ हा खण मोकळा. आमच्याकडे तो खण शोधणाऱ्याची तक्रार आली की आपोआप भरतो. दुसऱ्या कुणाला हातानं भरता येत नाही.

“तुला कसं…”

“तुमच्या साइटींच्या नकला तुमीच दिल्या व्हत्या पेनड्राइव्हवर. तीन वर्षं झाली. ईसरला असाल.” तिचा आवाज अगदी साधा होता. “काल सांजच्याला सापडलं मला. म्हनलं, हे दादांचं हाय. तिथी टाकायची युक्ती तुमची, साइटी तुमच्या. तुमी तक्रार टाकली की दुरुस्ती लगेच चढवायची. नाव तुमचं लागंल. ह्या रिलीजमधी सगळ्यात मोठी चूक हीच हाय.”

मी खाली बघत होतो.

“लाईट हाय आमच्याकडं,” ती म्हणाली. “सकाळपासून हाय. तुमी ‘गावली’ म्हनून वराडताल ते बघाया आले व्हते.”

बाहेर एसटी आली, गेली. एक बाई आधारकार्डाची झेरॉक्स मागायला आली. मी काढून दिली. उलटी आली. परत काढली. बाई गेली.

“अकराला दिसलं व्हतं मला,” मी म्हणालो.

“म्हाईत हाय. तुमचा हात थांबला ते बघितलं मी.”

“मग तेवाच का न्हाई बोललीस?”

“तुमी बोलताल म्हनून.”

तिनं दुरुस्ती चढवली. शोधणाऱ्याचा खण रिकामा तो रिकामाच राहिला. मग तिनं सगळ्यांना निरोप टाकला, रिलीज सहा वाजता, शेवटच्या क्षणी चूक आढळली. कुणाचं नाव घेतलं नाही. तिकडून एकानं विचारलं, पण जानकूचा शेरा तर ठीक आहे? तिनं उत्तर दिलं नाही. लॅपटॉप तसाच माझ्यासमोर ठेवला. “त्या शेऱ्याला मी हात लावत न्हाई. तुमचं तुमी बघा.”

शेरा पुसता येत नाही. आमच्याकडे लिहिलेलं पुसायची सोयच ठेवलेली नाही, खाली भर घालता येते. मी माझ्या पडद्यावर ते पान उघडलं. इंग्रजीत लिहायला घेतलं, जमेना. ‘नजरचूक झाली’ असं लिहायचं मनात आलं. बारा वर्षांच्या माणसाला एक नजरचूक माफ असते, कुणीही मानलं असतं. मोहिनीनंही मानल्यासारखं केलं असतं कदाचित.

मी मराठीत लिहिलं, ‘वरचा शेरा खोटा आहे. चूक मला अकरा वाजता दिसली होती. मी मुद्दाम लपवली. जानकू.’

ज्याला वाचायचं तो भाषांतर करून वाचेल.

मोहिनीनं ते वाचलं. चांगलं केलंत म्हणाली नाही. मी तशी अपेक्षा केली होती, हेही सांगून टाकतो.

“दुरुस्ती परत तपासाय पायजे,” ती म्हणाली. “माझी मला तपासता येत न्हाई. नियम हाय. आन तिथी वाचता येनारं दुसरं कोन आत्ता न्हाई.”

“मी बसतो.”

तिनं घड्याळाकडे पाहिलं. दुसऱ्या कुणाला विचारता येईल का, याचा विचार करत असावी. मग म्हणाली, “बसा.”

मी पहिल्यापासून सुरुवात केली. पहिली साइट, रोपवाटिका. सगळी पानं उघडली, एकही सोडलं नाही. “पहिली ठीक,” मी म्हणालो.

मोहिनीनं आपल्या लॅपटॉपवर तीच साइट उघडली. पहिलं पान, दुसरं, तिसरं. माझ्यामागून, तशीच, एकेक करून. नियमात हे नव्हतं. शेवटचं पान बघून झाल्यावर तिनं मान हलवली.

“दुसरी ठीक,” मी म्हणालो.

ती दुसरी उघडू लागली. मी हात मांडीवर ठेवून तिचं बघून व्हायची वाट बघत बसलो. अजून एकोणतीस होत्या.