जळक्या भोकावरचं फूल

निकिताला जुन्या फ्रेंच कादंबऱ्यांचं वेड लागलं ते फॅशन डिझाइनच्या दुसऱ्या वर्षी. मग पुण्यात वारज्याला मायलेकींच्या दोन खोल्यांत दुसरं बोलणंच उरलं नाही. नायिका कुणावर प्रेम करते याच्याशी हिला देणंघेणं नाही. तिच्या हातमोज्यांना बटणं किती, तिकडे हिचं सगळं लक्ष. शेवटच्या वर्षाच्या शोसाठी तिने अशाच एका कादंबरीतला पांढऱ्या मलमलीचा झगा निवडला. त्यातली पोरगी मेजवानीला निघते, मेणबत्तीने झग्याला भोक पडतं आणि ती लाजेने त्यावर कापडी फूल टाचते. तो झगा आजच्या मुलीला घालता येईल असा करायचा, आणि त्यावरच निकिताची पदवी ठरायची.

कापड मागितल्यावर आईने, द्वारकाबाईंनी, ट्रंकेकडे बोट दाखवलं. "जुनी कुठलीही साडी घे. माझं डोकं खाऊ नकोस."

बौद्धांच्या घरात पांढऱ्या साड्यांना काय तोटा? चौदा एप्रिलची पांढरी, बुद्धपौर्णिमेची पांढरी, लग्नातलीही पांढरीच. तळाशी निकिताला एक सापडली, पदराजवळ चक्क जळकं भोक असलेली. ती हरखलीच. जळकी साडी कोण जपून ठेवतं, असं म्हणत बाईसाहेबांनी सरळ कात्री चालवली.

झगा देखणा झाला, भोकावर कापडी फूलही बसलं. संध्याकाळी आई ऑफिसातून आली, पर्स ठेवली आणि कापड बोटांत धरून बघत राहिली. मग तिने फुलाची पाकळी वर उचलली.

"ही माझ्या लग्नातली," ती म्हणाली. "वंदनेच्या वेळी तुझ्या बाबांच्या हातातली मेणबत्ती कलंडली. सगळे हसले. हे म्हणाले, नवीन घेऊन देतो. घेतली नाहीच."

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती.

"आई, मला खरंच माहीत नव्हतं गं. मी उसवते सगळं."

"कापलेल्याची परत साडी होते का? हेच शिकवतात का कॉलेजात?" आवाज कोरडा होता, पण डोळे भरले होते. "सांगायचं माझंच राहिलं. शोमध्ये खुशाल घाल. फक्त ते फूल काढ."

"पण पुस्तकात ती भोक झाकते. सर म्हणतात, फुलातच सगळा जीव आहे. मार्क जातील."

"तिला लाज वाटली असेल. मला कधी वाटली नाही."

निकिताने छोटी कात्री घेतली आणि टाके उसवू लागली. आईने कापड ताणून धरलं. फूल निघालं तेव्हा भोकाच्या कडा अजून तपकिरीच होत्या. द्वारकाबाईंनी त्यात करंगळी घातली आणि बराच वेळ काढलीच नाही.