गिलाव्याआडची दोन बोटं

मित्रांनो, मी एक जुना ओळंबा आहे. दोरीला टांगलेलं पितळेचं टोकदार वजन. भिंत सरळ आहे की झुकली, ते सांगणारं. गोड बोलणं मला कधी जमलं नाही.

बारा वर्षं मी एका गवंड्याच्या हातात होतो. “माझा ओळंबा म्हणजे माझा गुरू,” असं तो चारचौघांत सांगे. पितळेचा असूनही माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

मग प्रार्थनाघराचं काम आलं. छप्पर चढवायची घाई होती. भिंत वरून दोन बोटं बाहेर गेल्याचं मी दाखवलं. गवंड्यानं इकडेतिकडे बघितलं आणि मला खिशात घातलं. कुठे जाड, कुठे पातळ गिलावा थापून त्यानं भिंत डोळ्यांपुरती सरळ केली. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही.

चौथ्या वर्षी भिंत कोसळली. खाली गवंड्याचा थोरला भाऊ झाडत होता. प्रार्थनाघराची देखभाल तोच करी. तो जागीच गेला.

गवंड्यानं सगळ्यांसमोर चूक कबूल केली, मला खिळ्याला टांगलं आणि काम सोडलं. दोन वर्षांत माझी दोरी कुजली. माझंच खरं ठरलं होतं, पण त्याचा मला आनंद झाला नाही.

एके सकाळी भावाची विधवा आली. तिनं मला खिळ्यावरून काढून तळहातानं पुसलं.

“भावोजी, सोमवारपासून त्या पडलेल्या भिंतीला हात घालायचाय.”

“वहिनी, दादाला मीच मारलं.”

“हो, तुम्हीच. ते मी विसरणार नाही. पण पवित्र शास्त्रातल्या जुन्या संदेष्ट्यांचं वाचते ना मी. एकाला देव भिंतीपाशी ओळंबा धरून उभा दिसला, आणि पुढे सगळं उद्ध्वस्त झालं. कितीतरी वर्षांनी दुसऱ्यानं सांगितलं, पुन्हा बांधणाऱ्याच्या हातात ओळंबा बघून लोक आनंदतील. घ्या, धरा.”

सोमवारी तो नवी दोरी बांधून आला. पाचव्या थराला मी केसभर फरक दाखवला. गिलाव्यात सहज झाकला गेला असता. वहिनी विटा देत होती. तिचे हात थांबले. गवंड्यानं अख्खा थर उतरवला. दोन वर्षांत वहिनी पहिल्यांदा रडली, आणि रडत रडत विटा देत राहिली.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवलं नाहीत तरी चालेल. पण मी तुम्हाला नको ते दाखवलं, तर मला खिशात घालू नका. एकदा मी खिशात गेलो, आणि दादा गेला.