जावईबापू आणि उंटाची दाढ

दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात एक पाल राहत असे. चपलांच्या दुकानावर दोन खोल्यांचा दवाखाना. बाहेर चार खुर्च्या, आत एक, ती आडवी होणारी. पाल भिंतीवर आली की डॉक्टर पेशंटला तसंच आ करून ठेवत आणि स्वतः कंपाउंडरच्या मागे जाऊन उभे राहत. ही गोष्ट सासूबाईंच्या कानावर गेली. जावयाची भीती मोडायचीच, असं ठरवून त्यांनी आपल्या फिरायच्या मंडळाच्या वाळवंटातल्या पदयात्रेत त्यांचं नाव परस्पर घालून टाकलं. कंपाउंडरचंही घातलं. मागे उभं राहायला कोणीतरी हवं होतं.

मंडळात नऊजण, सगळे साठीच्या पुढचे, आणि वाळूवर हरणासारखे चालणारे. डॉक्टर सगळ्यांत तरुण आणि सगळ्यांत शेवटी. पायांत गुडघ्यापर्यंतचे गमबूट, तोंडाला मास्क, हातांत दवाखान्यातले रबरी हातमोजे.

"जावईबापू, वाळू चावत नाही," सासूबाई दुर्बिणीतून बघत म्हणाल्या.

"वाळूचं नाही हो, वाळूतल्याचं म्हणतोय मी."

वाळूतले एकेक जण मग भेटायला आले. आधी एक काळा किडा आला आणि डॉक्टरांसमोर डोक्यावर उभा राहिला. डॉक्टरांनी त्याला लांबून वळसा घातला, तो एवढा लांबून की मंडळासोबतच्या वाटाड्याला त्यांना शोधून आणावं लागलं. मग सुपाएवढ्या कानांचा एक कोल्हा दिसला. त्याने या मंडळींकडे पाहिलं, जांभई दिली आणि बिळात निघून गेला. शेवटी एक जाडजूड सरडा बुटावर चढला, तेव्हा मात्र डॉक्टर कंपाउंडरच्या पाठीवर चढले.

"साहेब, सरडा गेला," थोड्या वेळाने कंपाउंडर म्हणाला.

"कुठे गेला ते दिसल्याशिवाय मी उतरणार नाही."

अशी वरात टेकडीपलीकडे उतरली, तर समोर एक उंट मान टाकून बसलेला. शेजारी त्याची मालकीण, कपाळाला हात लावून. दोन दिवस त्याने चाऱ्याला तोंड लावलं नव्हतं, आणि जवळ जावं तर चावायला धावत होता.

"आमचे जावई दातांचेच डॉक्टर आहेत," सासूबाईंनी जाहीर केलं.

डॉक्टरांच्या पाचावर धारण बसली. पण नेमका त्याच वेळी उंट तोंड वासून कण्हला, आणि डॉक्टरांना ती दाढ दिसली. केवढी थोरली दाढ. तिच्या फटीत बोटभर जाडीची काटेरी काडी रुतलेली, भोवती हिरडी सुजून लाल. डॉक्टर कंपाउंडरच्या पाठीवरून कधी उतरले, ते त्यांनाही कळलं नाही.

"टॉर्च धर," ते कंपाउंडरला म्हणाले. मग उंटाकडे वळले. "आ करा. आणखी मोठा. दुखलं तर डावा हात वर करा."

"साहेब, डावा पाय म्हणा. हात नाहीत त्यांना."

"जीभ मध्ये आणू नका बरं."

एवढं बोलून डॉक्टर कोपरापर्यंत आत गेले. मंडळातल्या कोणाचाही श्वास ऐकू येत नव्हता; उंटाचा मात्र येत होता, आणि त्याचा वासही.

"उंटावरचे शहाणे पुष्कळ पाहिले," सासूबाई पुटपुटल्या, "उंटाच्या तोंडातला हा पहिलाच."

कट्‌ असा आवाज झाला आणि डॉक्टरांनी काडी बाहेर काढली. नवी दाढ उगवल्यासारखे ते खूश होऊन म्हणाले, "झालं. आता चूळ भरा."

उंटाने चूळ भरली. बेसिन नसल्यामुळे ती डॉक्टरांवर भरली. डॉक्टर डोक्यापासून गमबुटांपर्यंत हिरवे झाले आणि मास्कमागून एवढंच म्हणाले, "पुष्कळांचं होतं असं."

पुढचे चार मैल डॉक्टर सगळ्यांच्या पुढे चालले. वारा मागून होता आणि वास पुढे जात होता, म्हणून मंडळींनीच त्यांना पुढे काढलं होतं. त्यांच्या मागोमाग उंट, उंटामागे त्याला हाका मारून दमलेली मालकीण. थांबलं की उंट डॉक्टरांच्या खांद्यावर मान टाकी आणि तोंड उघडून दाखवी.

"पुढची तारीख द्या त्याला, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "नाहीतर घरी येईल."

डॉक्टरांनी गंभीरपणे पुन्हा एकदा दाढ तपासली. "सहा महिन्यांनी आणा," ते मालकिणीला म्हणाले. "आणि काटे खाणं जरा कमी करायला सांगा."

कंपाउंडरने वही काढली आणि पेशंटचं वय विचारलं.